वीस वर्षांची अट: जुनी यंत्रं, नवे संगणक आणि १९२९ ची एक स्पर्धा

(वर्धा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी मला विचारलं, 'जुनं मशीन नव्या कॉम्प्युटरला जोडायचं हे तर मेकॅनिकचं काम. त्यावर व्याख्यान कशाला?' प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर रोजच होते. पण ज्या व्यवस्थेवर चार घरांचं पोट चालतं, तिची समीक्षा कुणी करत नाही. यंत्र चालेनासं झालं की आपण मेकॅनिकला बोलावतो, नाहीतर नवं घेतो. ते का चालेनासं झालं आणि ते कुणी ठरवलं, हे विचारायचं राहूनच जातं. आज तेवढंच विचारू.

समीक्षा म्हटली की मापदंड हवा. तो मी १९२९ सालातून घेतो आहे. त्या वर्षी अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली होती. सुधारित चरखा बनवणाऱ्याला बक्षीस एक लाख रुपये. त्या काळचे एक लाख, बरं का! अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता आला पाहिजे. बाईमाणसाला फार न थकता आठ तास काम करता यावं. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत. आणि पुढची अट अशी की, वेळेवर देखभाल केली तर यंत्र किमान वीस वर्षं न थांबता चाललं पाहिजे, आणि देखभालीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. १५० रुपयांचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अट राहिली. १९३४ साली इथल्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ आला, कुमारप्पांनी तो चालवला, १९३८ साली मगन संग्रहालय उघडलं. या सगळ्या कामामागे हाच विचार होता: यंत्र ज्याच्या घरात आहे, त्याच्या हुकमात ते राहिलं पाहिजे.

आता हा मापदंड घेऊन आजच्या वर्कशॉपमध्ये जाऊ.

'ओयखतच नाही'

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठेही जा, रेडियमचं दुकान दिसेलच. गाडीच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' कापून देणारं यंत्र तिथे असतं. थोडं पुढे लाकडावर नक्षी कोरणारं राउटर मशीन असतं. एमआयडीसीत सीएनसी लेथ असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिलिंग मशीन असतं. या सगळ्यांच्या मालकांकडून मी एकच वाक्य ऐकतो. एका रेडियमवाल्याने ते नेमकं सांगितलं: 'मशीन चांगलं हाय भाऊ, पण नवा कॉम्प्युटर त्याले ओयखतच नाही.'

ओळखत नाही म्हणजे काय? यंत्र आणि संगणक यांच्या बोलण्यात तीन गोष्टी असतात. तार, भाषा आणि दुभाषा.

तार आधी पाहू. बहुतेक जुन्या यंत्रांना आरएस-२३२ नावाचं सिरीयल पोर्ट असतं. हे मानक १९६० सालचं. एक तार पाठवायची, एक ऐकायची, एक ग्राउंडची. तीन तारांत काम भागतं. तिच्यावर उणे-अधिक ३ ते १५ व्होल्टचा खेळ चालतो, मल्टिमीटर लावला की दिसतो. यात गुपित काही नाही. आपल्या गावातला कुठलाही टीव्ही रिपेअरवाला ही केबल बनवून देईल.

आता भाषा. लेथ आणि मिलिंगला जी-कोड लागतो. जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, एम०३ म्हणजे स्पिंडल फिरव. रेडियम कटरला एचपी-जीएल लागते, ती १९७० च्या दशकातली. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली. साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. आयटीआयचा पोरगा आठ दिवसांत शिकतो.

म्हणजे तार शाबूत, भाषा शाबूत. गाठ बसते ती तिसऱ्या ठिकाणी, दुभाष्यापाशी. नव्या लॅपटॉपला सिरीयल पोर्टच नसतं, म्हणून आपण यूएसबीचा कन्व्हर्टर लावतो. त्या कन्व्हर्टरमध्ये एक चिप असते, आणि तिला चालवायला संगणकात ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो. हा दुभाषा आपल्या पगारावर नसतो. तो दूरच्या कुणाच्या तरी नोकरीत असतो आणि त्याचा मालक सांगेल त्या दिवशी तो बोलायचं थांबवतो.

तीन दाखले

पहिला दाखला ऑक्टोबर २०१४ चा. एफटीडीआय ही अशा चिपा बनवणारी कंपनी. तिच्या चिपांच्या नकला बाजारात भरपूर आल्या होत्या. कंपनीने विंडोज अपडेटमधून नवा ड्रायव्हर सोडला आणि तो ड्रायव्हर नकली चिप दिसली की तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. झालं, कन्व्हर्टर मुका. ओरड झाली, कंपनीने ते अपडेट मागे घेतलं. नक्कल करणं चूकच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शिक्षा कुणाला झाली? नक्कल करणाऱ्याला नाही. ज्याने दुकानातून तीनशे-चारशे रुपयांना वायर घेतली, ज्याला आतली चिप दिसतच नाही, त्याला झाली.

दुसरा दाखला आजचा आहे. प्रोलिफिक कंपनीची पीएल-२३०३ ही चिप आपल्याकडच्या जुन्या कन्व्हर्टरमध्ये सर्रास सापडते. तिचा एचएक्सए नावाचा जुना प्रकार विंडोज ११ ला लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंग्रजीत सूचना येते की ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. चिप खराब झालेली नाही, जुन्या संगणकावर तीच चालते. तिला निवृत्त केलं आहे, एवढंच. आणि कुठल्या विक्रेत्याशी संपर्क साधायचा? बारा-तेरा वर्षांपूर्वी बर्डीवरून आणलेली वायर ती! (हशा)

तिसरा दाखला जरा वेगळा आहे आणि तिथे मला दुसऱ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. राउटर मशीन चालवायला माक-थ्री नावाचं सॉफ्टवेअर खूप ठिकाणी आहे. ते प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टमधून मोटरला थेट ठोके पाठवतं, सेकंदाला पंचवीस हजारांच्या घरात. दर ४० मायक्रोसेकंदांनी एक. एक ठोका चुकला की कटर सरकला, जॉब वाया. विंडोज हा बँकेतल्या एका खिडकीवरचा कारकून आहे. दहा जणांना सांभाळतो, वेळेची हमी देत नाही. म्हणून माक-थ्रीला विंडोजच्या अगदी पोटात शिरून बसावं लागायचं. ६४-बिट विंडोजमध्ये ती सोय राहिली नाही. पॅरलल पोर्टचा त्यांचा ड्रायव्हर ३२-बिटवरच चालतो. आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. इथे सगळा दोष कंपनीवर टाकता येणार नाही. पोटात कुणालाही शिरू दिलं तर व्हायरसही शिरतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा जगभरची रुग्णालयं आणि कारखाने अडले, ते अपडेट न केलेल्या संगणकांमुळेच. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे.

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. विंडोज एक्सपीला आधार एप्रिल २०१४ पर्यंत. सेव्हनला जानेवारी २०२० पर्यंत. टेनला ऑक्टोबर २०२५ पर्यंत. म्हणजे दहा ते तेरा वर्षांत प्रत्येकाचा हिशेब संपतो. आणि ओतीव लोखंडाची लेथ नीट तेलपाणी केलं तर तीस वर्षं सहज जाते. बैल धडधाकट आहे, पण कासरा दर दहा वर्षांनी दूर बसलेला कुणीतरी कापतो. वीस वर्षांच्या अटीत आजची व्यवस्था नापास होते, आणि ती लोखंडामुळे होत नाही.

विसरलेली अट

आता १९२९ च्या स्पर्धेतली एक अट मी मुद्दाम मागे ठेवली होती. स्पर्धकाने हवं तर आपल्या चरख्याचं पेटंट घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर ते पेटंट चरखा संघाच्या नावे करून द्यावं लागेल.

ही अट मला सगळ्यांत दूरदृष्टीची वाटते. कारण वीस वर्षांची अट नुसत्या मजबूत लाकडाने पुरी होत नाही. बनवणारा मेला, दुकान बुडालं किंवा त्याचं मन फिरलं, तरी दुसऱ्या कुणालातरी तो भाग बनवता आला पाहिजे. हक्क मोकळा असेल तरच यंत्र टिकतं. आज चात्याच्या जागी ड्रायव्हर आलाय, बाकी प्रश्न तोच आहे.

आणि हे होऊ शकतं याचा पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९० च्या दशकात यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. सरकारी काम म्हणून ते सर्वांना खुलं होतं. त्यातूनच आजचं लिनक्ससीएनसी उभं राहिलं. मूळ लिहिणारे कुठल्या कुठे गेले असतील, पण आजही ते पॅरलल पोर्टवरची जुनी यंत्रं चालवतं. दुसऱ्या कुणीतरी ते सांभाळलं, कारण सांभाळायला परवानगी लागत नव्हती.

आपल्याही पदरात

कंपन्यांना बोलून झालं, आता आपल्याकडे वळू. कॉलेजात मशीन एका योजनेतून येतं आणि संगणक दुसऱ्या. दोघांची गाठ प्रयोगशाळेतच पडते, लग्नात पडावी तशी. (हशा) मशीनसोबत आलेली सीडी कपाटात, कपाटाची चावी बदली झालेल्या सरांकडे. खरेदीला लाखाची तरतूद, देखभालीला शिर्षकच नाही. सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून टाकलेलं, त्यामुळे अडलं तर विचारायला तोंड नाही. चरखा संघाने पाच टक्के तरी धरले होते!

सरकारकडे पाहिलं तर, ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. चांगलं पाऊल आहे. पण वर्कशॉपचं यंत्र त्या चारांत नाही. ज्या लेथवर ट्रॅक्टरचा भाग बनतो, ती लेथ बाहेर राहिली.

तोवर काय करायचं

टीका करून घरी पाठवणं बरं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जुना एक्सपी किंवा सेव्हनचा संगणक मशीनला चालत असेल तर चालू द्या, पण त्याला नेट लावू नका. पेन ड्राइव्हही एकच, त्याच कामाचा. त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत आजच काढून ठेवा. वर्ध्याच्या मे महिन्यात हार्ड डिस्क विचारून जात नाही. सीएनसी कंट्रोलमधली बॅटरी मशीनची सगळी आकडेवारी धरून ठेवते. ती बदलण्याआधी आकडे उतरवून घ्या आणि मॅन्युअल पाहा; बऱ्याच कंट्रोलमध्ये बॅटरी वीज चालू ठेवूनच बदलायची असते.

नवा कन्व्हर्टर घेताना आतली चिप कोणती ते विचारा आणि पावती घ्या. जोडल्यावर कचरा अक्षरं आली तर मशीनला दोष देण्याआधी बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्हीकडे सारखे आहेत का ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. राउटरवाल्यांनी ठोके देण्याचं काम संगणकाकडून काढून वेगळ्या कंट्रोलर कार्डकडे द्यावं. मग वर कोणतं विंडोज आहे याने फारसा फरक पडत नाही. आणि हे सगळे आकडे कागदावर लिहून मशीनच्या दाराच्या आतून चिकटवा. तुमच्यानंतर येणाऱ्याला तोच कागद उपयोगी पडणार आहे.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: गांधीजी तर यंत्राच्या विरोधात होते. त्यांचा दाखला इथे कसा चालतो?

उत्तर: यंत्राच्या विरोधात असलेला माणूस यंत्रासाठी लाखाचं बक्षीस लावू देईल का? शिलाई मशीनलाही त्यांनी अपवाद केला होता. त्यांचा विरोध माणसाला परावलंबी करणाऱ्या यंत्राला होता. रेडियमवाल्याचं यंत्र वाईट नाही, त्याला परावलंबी करतोय तो ड्रायव्हर.

प्रश्न: एवढी खटपट करण्यापेक्षा नवीन मशीन घेतलं तर?

उत्तर: परवडत असेल आणि काम वाढलं असेल तर जरूर घ्या. पण घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. संगणक बदलला तर मशीन चालेल का? सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला तुमची परवानगी लागेल का? तुमची कंपनी बंद झाली तर काय? उत्तर तोंडी घेऊ नका, कोटेशनवर लिहून मागा. लिहून देणार नाही म्हणाला, तर तुमचं नवं मशीनही दहा वर्षांनी याच रांगेत उभं असेल.

प्रश्न: लिनक्स आमच्या पोरांना जमेल का?

उत्तर: जी पोरं दोन मोबाइल मोडून त्यांचा एक चालता करतात, त्यांना जमेल. सुरुवात मात्र चालू मशीनवर करू नका. एखादा जुना संगणक आणि एक छोटी स्टेपर मोटर टेबलावर घ्या, महिनाभर चुका करा. मोटर ऐकायला लागली की मग मशीनकडे जा.