वकिलांचे निरंतर विधिशिक्षण : तालुका न्यायालयाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 6 मध्ये राज्य वकील परिषदांची जी कार्ये नमूद केली आहेत, त्यांत नामवंत विधिज्ञांची व्याख्याने व परिसंवाद आयोजित करणे आणि विधिविषयक नियतकालिके प्रसिद्ध करणे यांचा समावेश आहे. कलम 7 अन्वये असेच कार्य भारतीय विधिज्ञ परिषदेकडेही सोपविले आहे. याचा अर्थ, सनद मिळाल्यानंतरही वकिलाचे शिक्षण चालू राहावे ही कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही. मात्र कायद्याने परिषदेला कार्य नेमून दिले, वकिलावर शिकण्याचे बंधन घातले नाही. परिणामी वकिलांचे निरंतर शिक्षण हे आयोजकांच्या उत्साहावर आणि श्रोत्यांच्या सवडीवर अवलंबून राहिले. या शिक्षणाचे आज जे रूप प्रचलित आहे, त्याचा चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्यास कितपत उपयोग होतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. विधिशिक्षणाची चर्चा बहुधा विधी महाविद्यालयांपुरती किंवा उच्च न्यायालयापुरती होते. ज्या न्यायालयात सामान्य पक्षकाराचा कायद्याशी पहिला आणि बहुधा शेवटचा संबंध येतो, ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय या चर्चेत क्वचितच दिसते.

प्रवेशद्वारावरील तपासणी

गेल्या तीन दशकांत वकिलांच्या गुणवत्तेविषयी जे प्रयत्न झाले, ते प्रामुख्याने व्यवसायात प्रवेश करण्याच्या टप्प्याशी निगडित होते. 1995 मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने सनदेपूर्वी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले. व्ही. सुधीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये, परिषदेला तसा अधिकार नाही या कारणास्तव, ते रद्द ठरविले. पुढे 2011 पासून अखिल भारतीय वकील परीक्षा सुरू झाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने ती घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला. ही परीक्षा पुस्तके जवळ ठेवून देण्याची पद्धत दीर्घकाळ होती, यावरून तिच्या कसोटीची कल्पना यावी. ते असो. एकदा ही परीक्षा उत्तीर्ण झाली की पुढील चाळीस वर्षे त्या वकिलाला नवीन काय वाचले, असे कोणीही विचारीत नाही.

अन्य व्यवसायांची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत 30 श्रेयांक मिळवावे लागतात. न्यायाधीशांसाठी उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी, नागपूर येथे न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्था व भोपाळ येथे राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. न्यायपीठावर बसणाऱ्यास प्रशिक्षण आणि त्याच्यासमोर उभे राहणाऱ्यास मात्र स्वतःच्या खर्चाने घेतलेली मासिके, ही विषमता सहज पचणारी नाही. एकाच खटल्यातील दोघांपैकी एकालाच नवा कायदा समजावून सांगितला जातो.

यावर तासांची सक्ती हा उपाय सुचविला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 1975 मध्ये तशी सक्ती केली व पुढे बहुतेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. फिलिपाइन्समध्ये दर तीन वर्षांस 36 तासांचे शिक्षण आवश्यक आहे. परंतु इंग्लंड व वेल्समधील सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने वर्षाला 16 तासांची जुनी अट 1 नोव्हेंबर 2016 पासून पूर्णतः काढून टाकली, हेही लक्षात घेतले पाहिजे. तास मोजल्याने ज्ञान मोजले जात नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. आपल्या वाचकांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. उजळणी वर्ग आणि उद्बोधन वर्ग पूर्ण करून पदोन्नतीच्या अर्जास प्रमाणपत्र जोडणारा आपला अध्यापकवर्ग, त्या वर्गांतून काय शिकलो आणि किती वेळा केवळ स्वाक्षरी केली, हे मनोमन जाणतो. तीच पद्धत वकिलांच्या माथी मारून काही साधेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. दोष तासांच्या संख्येत नसून त्या तासांत काय होते यात आहे.

कोष्टकांचे शिक्षण

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले. 511 कलमांची दंड संहिता जाऊन 358 कलमांची संहिता आली, 484 कलमांच्या प्रक्रिया संहितेच्या जागी 531 कलमे आली. साहजिकच या विषयावर ठिकठिकाणी व्याख्याने झाली. अशा व्याख्यानांचा मोठा भाग जुन्या व नव्या कलमांच्या कोष्टकाने व्यापलेला असतो. तालुका न्यायालयात रोज ऐकू येणारी 323, 504, 506 ही त्रयी आता 115(2), 352 व 351 झाली, 420 चे 318 झाले, 302 चे 103 झाले. ही माहिती आवश्यक आहे, यात शंका नाही. पण ती दहा रुपयांच्या छापील पत्रकात मिळते. त्यासाठी न्यायालयाचा दिवस बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे प्रयोजन नाही.

कोष्टकात न मिळणारे प्रश्न निराळे आहेत. घटना जून 2024 मधील आणि फिर्याद ऑगस्टमधील असेल, तर गुन्हा जुन्या दंड संहितेखाली नोंदवावयाचा आणि तपासाची प्रक्रिया मात्र नव्या संहितेची, हे कलम 531 मधील व्यावृत्ती आणि संविधानाचे अनुच्छेद 20 एकत्र वाचल्यावरच उमगते. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात कलम 173(3) खाली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ती कोणाच्या परवानगीने होते आणि ती लांबल्यास फिर्यादीने काय करावे? पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. अशा वेळी मंजूर होऊ घातलेल्या जामिनाचे काय होते? ज्याच्या घरातील एकमेव कमावता मनुष्य कोठडीत आहे, त्या कुटुंबाच्या दृष्टीने हे पांडित्याचे प्रश्न नाहीत.

मुदतीत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो, पण तो मागावा लागतो. साठावा किंवा नव्वदावा दिवस उलटल्यावर आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज झाला नाही तर हक्क जातो. अर्ज न करणाऱ्या वकिलाचे अज्ञान कोणत्याही निकालपत्रात नोंदले जात नाही, त्याची किंमत पक्षकार तुरुंगात मोजतो.

वळणे घेणारा कायदा

निरंतर शिक्षणाची खरी गरज नव्या अधिनियमांपेक्षा न्यायनिर्णयांनी बदलणाऱ्या कायद्यात अधिक आहे, कारण हा बदल गाजावाजा न करता होतो. याची दोन उदाहरणे थोड्या विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

पहिले शेतजमिनीच्या वाटपाचे. कापूस आणि संत्र्याच्या या पट्ट्यात दिवाणी दाव्यांचा गाभा वारसाहक्क हाच आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायाद केले, परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपविला. 2015 मध्ये फुलवती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत. 2018 मध्ये दानम्मा प्रकरणात, वडील 2001 मध्येच वारले असतानाही मुलींना हिस्सा मिळाला. हा विसंवाद 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात मिटला. हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असणे आवश्यक नाही, आणि 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मान्य होणार नाही, असे तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले. आता अशी कल्पना करावी की 2017 मध्ये एखाद्या विवाहितेला तिच्या वकिलाने फुलवतीच्या आधारे, "तुमचा दावा चालणार नाही, भावाला हक्कसोडपत्र लिहून द्या", असा सल्ला दिला. त्या दिवशी तो सल्ला सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाशी सुसंगत होता. तोच सल्ला तोच वकील 2021 मध्येही देत असेल, तर ती बाई आपली जमीन कायद्याने नव्हे, वकिलाच्या कपाटातील जुन्या निवाड्यांमुळे गमावते.

दुसरे उदाहरण इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे. 2005 मध्ये नवज्योत संधू प्रकरणात प्रमाणपत्राशिवाय असा पुरावा चालेल असे ठरले. 2014 मध्ये अन्वर प्रकरणात ते मत फिरविले गेले. 2018 मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात पुन्हा सवलत मिळाली. 14 जुलै 2020 रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या आपल्याच राज्यातील, जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात ती सवलत संपली आणि कलम 65 ब चे प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला असून त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा सादर करणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरावयाचा आहे. त्यात हॅश मूल्य नमूद करावे लागते. एकोणीस वर्षांत पाच वळणे झाली. भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या छायाप्रती दाव्यासोबत टाचून देणाऱ्या वकिलास ती आपोआप कळतील, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

भाषेचा आणि प्रदेशाचा प्रश्न

21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. तालुक्यातील वकील दावा मराठीत लिहितो, उलटतपास मराठीत घेतो, युक्तिवादही मराठीत करतो. मात्र ज्या निवाड्याच्या आधारे तो युक्तिवाद करतो, तो अनुच्छेद 348 मुळे इंग्रजीत असतो. या दोन भाषांमधील अंतर हेड नोट वाचून भरून काढण्याची सवय जडते. हेड नोट हा निवाडा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय मराठी भाषांतरात उपलब्ध होऊ लागले असले, तरी ती यंत्राच्या साहाय्याने केलेली भाषांतरे असून त्यांची अधिकृतता मर्यादित आहे. निवाडा मुळातून वाचून त्यातील निर्णयाचे कारण कोणते व आनुषंगिक मत कोणते हे मराठीत मांडता येणे, हे तालुका वकिलाचे खरे कौशल्य आहे. ते शिकविणारा एकही प्रचलित कार्यक्रम प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. व्याख्याते इंग्रजीत बोलतात आणि श्रोते आदराने ऐकतात.

प्रदेशाचीही उपेक्षा होते. मुंबई-पुण्याच्या वक्त्याच्या मनातील कूळ कायदा 1948 चा असतो. विदर्भाला मात्र 1958 चा स्वतंत्र कूळवहिवाट अधिनियम लागू आहे. वऱ्हाडच्या वकिलांनी कायद्याची अशी स्थित्यंतरे पूर्वीही पाहिली आहेत. 1936 मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले, 1956 मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आला, 1967 मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. 1930 च्या सुमारास वकिली सुरू करणाऱ्यास एकाच आयुष्यात वरिष्ठ न्यायालय दोनदा आणि महसूल कायदा निदान एकदा नव्याने शिकावा लागला. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी यांच्या अमरावतीत हे शिक्षण ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत होत असे. ती परंपरा आदर्श मानण्याचे कारण नाही. कोणाच्या कचेरीत कोणास स्थान मिळेल हे जात व नाते पुष्कळदा ठरवीत होते. परंतु त्या पद्धतीत एक गोष्ट होती, ती म्हणजे शिक्षण हाती असलेल्या प्रकरणातून होई. आज तरुण वकील पहिल्या वर्षीच स्वतंत्र बसतो, कारण ज्येष्ठाकडून मिळणाऱ्या मोबदल्यात निर्वाह होत नाही.

ई-न्यायालय प्रकल्पातील प्रशिक्षणाचा अनुभव येथे बोलका आहे. त्यात वकिलांमधूनच प्रशिक्षक तयार करून त्यांना तालुका पातळीपर्यंत पाठविण्यात आले. ई-फायलिंगसारखा किचकट विषय स्थानिक भाषेत, संगणकासमोर बसवून शिकविण्यात आला. विषय यांत्रिक होता, हे खरे. पण रीत योग्य होती. तीच रीत विनीता शर्मा निकालाच्या वाचनास लावता येईल. त्यासाठी सभागृह नको, बार रूम पुरे. न्यायालयाचे कामकाज संपल्यावरचा दीड तास, एक निवाडा, त्याची मूळ प्रत सर्वांच्या हाती, आणि तालुक्यातीलच एखादे चालू प्रकरण, पक्षकारांची नावे वगळून. जिल्ह्यातील विधी महाविद्यालयाचा एक अध्यापक महिन्यातून एकदा येऊ शकला, तर त्यालाही न्यायालयात काय चालते ते कळेल.

आपल्यासारख्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांचा यात काय संबंध, असे विचारले जाईल. कलम 63 च्या प्रमाणपत्रातील भाग ब वर तज्ज्ञ म्हणून कोणी स्वाक्षरी करावी, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 79 अ खाली अधिसूचित परीक्षकच हवा, की संगणकशास्त्राचा जाणकार अध्यापक चालेल, याविषयी युक्तिवादास जागा आहे. अधिसूचित परीक्षक चांदूर बाजारात नाही. संगणकशास्त्राचा अध्यापक तालुक्याच्या गावीही आढळतो, आणि हॅश मूल्य कसे काढतात व एक अक्षर बदलताच ते संपूर्ण कसे बदलते, हे तो तासाभरात वकिलांना दाखवू शकतो. त्याची स्वाक्षरी ग्राह्य आहे की नाही, हा मुद्दा त्यानंतर त्याच वकिलांनी न्यायालयापुढे मांडावयाचा आहे.