आकडे नसलेले प्रश्न

हरीशचंद्र वर्मा यांचे 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' हे १९९२ साली निघालेले दोन भागांचे पुस्तक प्रवेश परीक्षांच्या तयारीत आजही हमखास दिसते. प्रत्येक प्रकरणाअखेर सोडवलेली उदाहरणे, लघुत्तरी प्रश्न, बहुपर्यायी प्रश्न आणि गणिते अशी त्याची मांडणी आहे. आमच्या मते पुस्तकाचे खरे बळ लघुत्तरी प्रश्नांत आहे. विद्यार्थी मात्र नेमके तेच गाळतात.

कारण उघड आहे. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. मग सूत्र आठवायचे आणि आकडे घालायचे, हीच सवय जडते.

त्या धर्तीचा एक प्रश्न पाहा. चेंडू सरळ वर फेकला. हवेचा विरोध धरला, तर वर जायला अधिक वेळ लागेल की खाली यायला? पाठ केलेली सूत्रे इथे चालत नाहीत. पण हवेच्या विरोधामुळे चेंडूची ऊर्जा घटत जाते. म्हणून कोणत्याही उंचीवर उतरतानाचा वेग चढतानाच्या वेगापेक्षा कमीच असतो. अर्थात खाली यायला अधिक वेळ लागतो.

पुस्तकाची उणीव अशी, की लघुत्तरी प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत. एकट्याने अभ्यास करणारा तिथे अडतो. नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या केळझरसारख्या गावातील प्रत्येक मुलाला शहरातली शिकवणी परवडत नाही. आठवड्याला असा एक प्रश्न मराठीत मांडून वर्गाला त्यावर वाद घालू देणे मात्र शिक्षकांच्या हातात आहे. त्याला ना फी लागते, ना एसटीचे तिकीट.