विंडरश जहाजाची उतारूयादी

युद्धांत जर्मनांकडून हस्तगत झालेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजाचे उतारू २२ जून १९४८ रोजीं लंडनजवळ टिलबरी बंदरीं उतरले. त्यांत वेस्ट इंडीजचे ४९२ लोक होते, हा वर्तमानपत्री आंकडा पुढील लेखकांनीं गतानुगतिकत्वानें गिरविला. अस्सल यादींत मात्र ८०२ जणांचें शेवटचें वास्तव्य कॅरिबियन प्रदेशांतील नमूद आहे. आमच्या मतें यादीच ग्राह्य होय. परंतु वाद केवळ आंकड्याचा नाहीं. मागाहून आलेल्यांच्या आगमनपत्रिका ब्रिटिश सरकारनें २०१० सालीं नष्ट केल्या. कागदाअभावीं अनेक वृद्धांस वास्तव्याचा हक्क शाबीत करतां येईना, हें २०१८ सालीं उघड झालें. दप्तरास रद्दी म्हणणारांनीं हें ध्यानीं ठेवावें.