यंत्रमानव : कर्ता की करण?

जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीची चर्चा बहुधा तिच्यातील विज्ञानाच्या अनुषंगाने होते. वस्तुतः तिचा गाभा विश्वासाचा आहे. लुप्त संस्कृतीच्या ज्ञानावरून घडविलेला यंत्रमानव माणसांत वावरू लागतो आणि त्याचे कौशल्य हाच त्याच्या सद्हेतूचा पुरावा ठरतो. इशारा नावातच होता. बळीही बटूच्या आकाराला भुलला होता.

मेयर, डेव्हिस व शूरमन यांनी १९९५ मध्ये विश्वासार्हतेचे तीन घटक मानले : क्षमता, हितबुद्धी आणि सचोटी. क्षमतेवरून उरलेल्या दोहोंचे अनुमान करता येत नाही, हे मराठी वाचकास नवे नव्हे. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगून झाल्यावरही पढतमूर्खासाठी शेवटी स्वतंत्र समास योजला. बहुश्रुत असूनही ज्याचे आचरण बोलण्यास धरून नाही, तो पढतमूर्ख. केवळ बोलणाऱ्या यंत्रास ही कसोटी लावणे कठीण, कारण त्याच्या ठायी बोलण्याहून वेगळी कृती फारशी नसते. यंत्रास हात आले की ती लावता येते. मात्र तेच हात पाहून कसोटी लावण्याचे भान सुटते, ही यातील मेख होय.

मराठीचे व्याकरणही येथे माणसाला सावध करीत नाही. ‘यंत्र’ नपुंसकलिंगी, पण ‘यंत्रमानव’ लगेच ‘तो’ होतो. ‘कामगाराने पेच आवळला’ आणि ‘पान्याने पेच आवळला’ यांत प्रत्यय एकच. पहिला कर्ता, दुसरे करण. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून माणसांशेजारी काम करणारे यांत्रिक हात आहेत. ते बुद्धिमान सहकारी नव्हेत. तरी अशा हाताविषयी ‘त्याने पेच आवळला’ म्हटले, तर तो कर्ता की करण हे ‘ने’ सांगत नाही. ‘कडून’ मात्र सांगते. ‘पान्याकडून चूक झाली’ हे कानाला खटकते, ‘त्याच्याकडून चूक झाली’ हे खटकत नाही. दुसरे वाक्य यंत्राविषयी सहज उच्चारले गेले, की यंत्र सहकारी झाले. आणि त्याच क्षणी ते घडविणारा, बसविणारा व त्याला कामास जुंपणारा असे तिघेही वाक्याबाहेर पडले.

कादंबरीची मर्यादा हीच. वामनास स्वतंत्र हेतू बहाल केल्यामुळे कथेला गती येते खरी. पण त्याच्या निर्मात्यांना जाब विचारण्याची निकड तितकीच ओसरते.