काचेवर न उमटलेले मोको

न्यूझीलंडमधील वाइटांगी येथे ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. त्यावर सही म्हणून काही सरदारांनी आपल्या चेहऱ्यावरील गोंदणाचा, म्हणजे 'ता मोको'चा, थोडा भाग रेखाटून दिला. मोको ही नुसती शोभा नव्हे, त्यात माणसाची वंशावळ आणि ओळख असते. त्याच परिसरातील ते कोंगाहू संग्रहालयात २०१८ साली मायकेल ब्रॅडली यांचे 'पुआकी' हे छायाचित्र-प्रदर्शन भरले. पुआकी म्हणजे बाहेर येणे, प्रकट होणे.

मांडणी अगदी साधी आहे. एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी. एक आजच्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले रंगीत, दुसरे १८५१ सालच्या ओल्या कलोडियन पद्धतीने. रंगीत चित्रात गाल आणि हनुवटीवरचे मोको ठसठशीत दिसते. दुसऱ्यात ते जवळजवळ नाहीसे होते. माणूस तोच, नजरही तीच, पण चेहरा कोरा! पाहणारा क्षणभर गोंधळतो.

असे का व्हावे? काचेवरील चांदीची संयुगे निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतात. पिवळा, तांबडा त्यांना 'दिसत'च नाही. सावळी त्वचा निळा प्रकाश फारसा परतवत नाही, म्हणून काचेवर ती गडद येते. गोंदणाची निळसर रेघ तिच्याच छटेची होऊन बसते. शिवाय कमी तरंगलांबीचा प्रकाश त्वचेत खोल शिरत नाही आणि शाई तर वरच्या थराखाली असते. योग्य रंगद्रव्य मिसळून काचेला इतर रंगांनाही संवेदनशील करता येते हे हर्मान फोगेल यांनी दाखवले, ते १८७३ साली.

इथपर्यंत प्रदर्शन उत्तम. मात्र ही जोडचित्रे पाहून 'जुन्या कॅमेऱ्याने माओरींचे मोको पुसले' असे कोणी म्हटले, तर ते अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकातील माओरी सरदारांची कितीतरी छायाचित्रे आहेत आणि त्यांत मोको दिसते. पूर्वी ते 'उही' नावाच्या छिन्नीसारख्या हत्याराने कोरत, त्यामुळे कातडीत खाचा पडत आणि खाचांना सावली असते. काही वेळा छायाचित्रकार निगेटिव्हवर रेघा गिरवूनही देत. आजचे मोको बहुधा सुईच्या यंत्राने काढलेले, गुळगुळीत. म्हणून आजचे चेहरे काचेवर अधिक कोरे येतात! मोकोची प्रथा ओसरली ती जमिनी गेल्यामुळे, मिशनऱ्यांच्या विरोधामुळे, १८६७ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी आल्यामुळे. चांदीच्या संयुगांना यात कसला दोष? ही बाब भिंतीवरच्या दोन ओळींत सांगता आली असती आणि चित्रांचा परिणाम त्याने उणावला नसता.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. छायाचित्र म्हणजे जसेच्या तसे सत्य, ही आपली समजूत इतक्या सहज मोडून दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडील 'द पीपल ऑफ इंडिया' (१८६८-७५) या ग्रंथमालेतील छायाचित्रेही त्याच काळातली. त्यांतील चेहऱ्यांवर गोंदण शोधताना हे ध्यानात असू द्यावे.

वर्गात याचा पडताळा घेता येतो. वह्यांना घालतो त्या खाकी कागदावर निळ्या शाईने नक्षी काढा. तांबड्या जिलेटिन कागदातून ती काळीभोर दिसेल. मग निळा जिलेटिन कागद दोन-तीन पदरी करून त्यातून पाहा: नक्षी फिकट होत कागदात मिसळून जाईल. आता दुसऱ्या खाकी कागदावर तीच नक्षी शाई न लावता, टोकदार काडीने खोल दाबून काढा, खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा आणि त्याच निळ्या कागदातून पाहा.