प्रतिनिधित्वाचा पेच : 'अधांतर' आणि गिरणगावचा नागरिक

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आले. त्याचे वाचन बहुधा दोन अंगांनी केले जाते : संपाने उद्ध्वस्त केलेल्या कुटुंबाची शोकांतिका म्हणून किंवा गिरणगावच्या वास्तवाचा दस्तऐवज म्हणून. दोन्ही वाचनांत संप हे केवळ कारण ठरते आणि घराची पडझड हा परिणाम. या कार्यकारणभावात एक प्रश्न मात्र निसटतो. ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला होता? नाटकाच्या आशयाचा गाभा या प्रश्नाशी निगडित आहे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा, हीही त्यांची मागणी होती. या कायद्याने एका क्षेत्रातील एका उद्योगात एकाच संघटनेला 'प्रातिनिधिक' दर्जा मिळत असे आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार दत्ता सामंत यांच्या मागे गेले, तरी वाटाघाटींच्या मेजावर सामंतांना स्थान नव्हते. हेच सामंत 1984 मध्ये मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मतदार म्हणून जो माणूस आपला प्रतिनिधी निवडू शकत होता, त्याला कामगार म्हणून तो निवडता येत नव्हता. लोकशाही गिरणीच्या फाटकाशी येऊन थांबत होती.

हा पेच 1982 चा नव्हे. 1938 च्या औद्योगिक विवाद विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र विरोध केला आणि त्या वर्षीच्या 7 नोव्हेंबरला मुंबईत संप झाला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे रूप आहे, ही आंबेडकरांची त्या वेळची भूमिका. 1949 मध्ये संविधानसभेत राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील ज्या विसंगतीचा इशारा त्यांनी दिला, तिचा पूर्वानुभव परळच्या चाळीत राहिलेल्या या नेत्याला होता. त्याच वर्षी टी. एच. मार्शल हा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ नागरी, राजकीय आणि सामाजिक अशा क्रमाने विस्तारत जाणाऱ्या हक्कांची मांडणी करीत होता. गिरणगावात हा क्रम कधी पूर्ण झालाच नाही. आणि जे पदरात पडले होते, तेही 1982 नंतर उलट्या दिशेने ओसरू लागले.

'अधांतर'ची रंगसंहिता या ओहोटीनंतरची आहे. धुरी कुटुंबाची चाळीतील खोली एवढेच तिचे स्थळ. एक मुलगा लेखक होऊ पाहतो, एक क्रिकेटच्या नादात बेकारीचे दिवस काढतो, एक टोळीत शिरतो आणि मारला जातो. मालक, शासन, मान्यताप्राप्त संघटना ही सत्ताकेंद्रे रंगमंचावर येत नाहीत. यावर कोणी राजकीय आशयाच्या संकोचाचा आक्षेप घेईल. परंतु हा संकोच नाटककाराचा नसून त्या समाजाचा आहे. खाते, युनियन, खानावळ, मैदान या ज्या जागी माणूस 'आम्ही' म्हणत असे, त्या नाहीशा झाल्यावर उरते ती खोली. सार्वजनिक संघर्षाला वाट उरली नाही की तो भावाभावांच्या भांडणात उतरतो. लेखक होऊ पाहणाऱ्या मुलाची कुचंबणा येथे विशेष अर्थपूर्ण ठरते : राजकीय प्रतिनिधित्व खुंटलेल्या समाजाचे वाङ्मयीन प्रतिनिधित्व तरी कोणी, कोणत्या अधिकाराने करावे?

मात्र त्या हरवलेल्या 'आम्ही'चे उदात्तीकरण करून चालणार नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलितांना मज्जाव होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त पुढे केले जाई. 1928 च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. म्हणजे वर्गीय नागरिकत्वाच्या पोटातही बहिष्कार होता. गिरणगावाविषयीची स्मरणरंजनपर समीक्षा हे विसरते आणि 'श्रमसंस्कृती' हा शब्द निरुपद्रवी करून टाकते.

1991 हे वर्ष या संदर्भात दुहेरी महत्त्वाचे आहे. नवे आर्थिक धोरण आणि मुंबईची विकास नियंत्रण नियमावली ही दोन्ही त्या वर्षीची. नियमावलीनुसार विकासाला खुल्या होणाऱ्या गिरणी-जमिनीचे मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक असे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती सीमित केली. बांधकामे पाडून मोकळी होणारी जमीन वगळली गेली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला प्रतिकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फिरवला. सुमारे 600 एकरांचे भवितव्य 'मोकळी' या एका विशेषणाच्या अर्थावर ठरले. अर्थनिर्णयन ही केवळ वाङ्मयीन क्रिया नसते, याचा याहून कठोर दाखला शोधावा लागणार नाही.

त्यानंतर 2012 मध्ये कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघाली. ज्यांना घर लाभले, त्यांच्या दृष्टीने तिचे मोल निर्विवाद आहे. पण 'सोडत' या शब्दातच स्थित्यंतर सामावले आहे. हक्क सर्वांचा असतो, नशीब एकेकट्याचे. संपात उतरलेला समूह अखेरीस अर्जदारांच्या यादीत रूपांतरित झाला आणि प्रत्येक जण शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी ठरला. भांडवलाला मतपेटी बंद करावी लागत नाही. ज्या निर्णयांनी जगणे ठरते, ते मतपेटीच्या कक्षेबाहेर नेले की पुरते.

'अधांतर' या शीर्षकाचा अर्थ म्हणूनच केवळ आर्थिक अनिश्चिततेपुरता मर्यादित नाही. मताचा अधिकार शाबूत आहे, पण त्या मताला टेकायला जमीन नाही, अशा नागरिकाची ती अवस्था आहे. या नाटकाला कौटुंबिक शोकांतिका म्हणून हळहळत दाद देणे म्हणजे त्या नागरिकाला पुन्हा एकदा खोलीतच कोंडणे होय.