लेझर जुना झाला का? एका पेपरचं वाचन, दांडीत बसून

परवा दांडीतले एक काका म्हणाले, "लेझर मारला की नजर परत येते ना?" नाही. असलेली टिकते.

मधुमेहात रेटिनाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. ऑक्सिजन न मिळालेला रेटिना व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतो आणि नाजूक नव्या वाहिन्या उगवतात. त्यांतून रक्तस्राव होतो, पडदा ओढला जातो. लेझर कडेच्या रेटिनाला शेकडो बारीक चटके देतो. तिथल्या पेशी मेल्या की ऑक्सिजनची मागणी घटते, व्हीईजीएफही उतरतं. मधली नजर राखायला कडेची थोडी द्यायची, असा सौदा. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत यामुळे गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून खाली आला.

मग २०१५ मध्ये 'प्रोटोकॉल एस' आला. ३९४ डोळे, रॅनिबिझुमॅबचं इंजेक्शन विरुद्ध लेझर. दोन वर्षांनी इंजेक्शन कुठेच कमी पडलं नाही, उलट कडेची नजर जास्त राहिली. तेव्हापासून 'लेझर जुना झाला' असं ऐकू येतं. पण २०१८ चा पाच वर्षांचा पेपर उघडा. तक्त्यावरची नजर दोन्ही गटांत जवळपास सारखी, आणि कडेच्या नजरेतला फरकही घटलेला.

माझा आक्षेप आकड्यांवर नाही, त्यांतून काढलेल्या निष्कर्षावर आहे. इंजेक्शन गटाला पाच वर्षांत सरासरी १९ इंजेक्शनं लागली. पाचव्या वर्षाच्या तपासणीला हयात रुग्णांपैकी ६६ टक्केच आले, तेही चाचणीतली पाठपुरावा यंत्रणा असताना. जे आले नाहीत, त्यांचं काय? २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त गायब राहिलेले रुग्ण तपासले. पडदा ओढून सुटण्याचे प्रकार इंजेक्शनवाल्यांत १० डोळ्यांत, लेझरवाल्यांत एका. औषध उतरतं, चटका राहतो.

आता दांडीचा विचार करा. बोट समुद्रात असताना तारीख चुकणारच. बोईसरहून लोकल पकडून मुंबई गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी गेली. इथे लेझर जुना नाही, भरवशाचा आहे.

पण दुसरी बाजू लपवू नका. लेझरने अंधारातली आणि कडेची नजर कमी होऊ शकते, आणि काका पहाटे अंधारात बोटीवर चढतात. तक्त्यावरची अक्षरं हे मोजत नाहीत. म्हणून डॉक्टरांना दोनच गोष्टी सांगा: तुम्ही किती वेळा येऊ शकता, आणि अंधारात काय काम करता. पेपर या दोन्हींची उत्तरं तुमच्या वतीने देऊ शकत नाही.